दिनविशेष : २४ जानेवारी

१९५० : दिल्लीत संविधान सभेच्या अखेरच्या बैठकीत अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्याबरोबरीचा मान असल्याचे जाहीर केले. मतदान झाले नाही. सदस्यांनी त्याच दिवशी संविधानावर सह्या केल्या.

या निर्णयामागे बँडचा प्रश्न होता. 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर नीट वाजत नाही, हा मोठा आक्षेप होता. गवई मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना तो मान्य नव्हता. झिंझोटी रागातली आपली 'वंदे मातरम्'ची चाल त्यांनी बँडसाठी बेतली. मुंबई पोलीस बँडचे इंग्रज प्रमुख गार्डनर यांच्या मदतीने तिची पाश्चात्त्य स्वरलिपी तयार करून घेतली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली.

'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीताचा मान मिळाला नाही, पण मास्तरांचे काम वाया गेले असे मी मानत नाही. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतला गवई आणि फौजी शिस्तीतला इंग्रज बँडमास्टर एकाच चालीवर बसले. एकाला मींड, हरकत जपायची होती. दुसऱ्याला हवे होते नेमके स्वर, ठरलेली लय आणि प्रत्येक वाद्याला वेगळा कागद. भारतीय चाल बँडवर उभी राहते, हे त्यातून सिद्ध झाले. आजही शाळांची बँडपथके हीच अडचण सोडवत असतात.

परवा प्रजासत्ताक दिन. सोनकच्छ, देवासच्या शाळांनी आपल्या बँडपथकाला मास्तरांची ही चाल जरूर शिकवावी.