संदर्भांची मोजणी आणि आपले लेखक: सायटेशनचा आकडा कसा वाचावा

एखाद्या अभ्यासकाचा प्रभाव किती, हे आज विद्यापीठांत बऱ्याचदा एका आकड्यावरून ठरवले जाते. त्याच्या लेखनाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, हा तो आकडा. अशा संदर्भाला सायटेशन म्हणतात आणि ते मोजून निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीला सायटेशन विश्लेषण. संशोधन करणाऱ्या, प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाची या आकड्याशी कधी ना कधी गाठ पडतेच.

आंबेडकरी आणि बौद्ध चळवळीतील बरेच मोठे लेखन मराठीत झाले. ते पाक्षिकांतून, पुस्तिकांतून आले, काही वेळा लेखकाच्या नावाशिवायही छापले गेले. या मोजणीत त्याच्या वाट्याला फार थोडे येते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो आणि कुठे चुकतो, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे.

मोजणी कशी सुरू झाली

अमेरिकेतील वकील १८७३ पासून ‘शेपर्ड’ची सूची वापरत. एखादा निकाल पुढच्या कोणत्या खटल्यांत आधार म्हणून घेतला गेला आणि कुठे नाकारला गेला, हे त्या सूचीत कळे. तीच कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातील शोधनिबंधांसाठी मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला. त्यांचा मूळ हेतू माहिती शोधणे सोपे करण्याचा होता. माणसांना गुण देण्यासाठी तिचा वापर नंतर वाढला. २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर आले आणि ही मोजणी प्रत्येकाच्या संगणकावर पोहोचली.

दोन मापे नेहमी कानावर येतात. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे नियतकालिकाचे माप आहे. मागील दोन वर्षांत त्यात आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच ते सांगते. त्यातील एखादा विशिष्ट लेख चांगला की वाईट, हे त्यावरून कळत नाही.

‘एच-इंडेक्स’ हे लेखकाचे माप आहे. ते जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवले. समजा एखाद्याचे पाच लेख आहेत आणि त्यांना ९, ७, ४, ३ आणि १ असे संदर्भ मिळाले आहेत. तर त्याचा एच-इंडेक्स ३, कारण किमान तीन संदर्भ मिळालेले तीन लेख त्याच्या नावावर आहेत. चारसाठी किमान चार संदर्भांचे चार लेख लागतील, तेवढे नाहीत. आता दुसरी बाजू पाहा. कोणी आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि त्याला हजार संदर्भ मिळाले, तरी त्याचा एच-इंडेक्स १ च राहतो.

संदर्भ म्हणजे सहमती नव्हे

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. या निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या आणि त्या तपासून त्यांतील उणिवा दाखवल्या. केतकर म्हणजे पुढे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तयार करणारे. चौघांमध्ये केतकरांची व्याख्या बाबासाहेबांना अधिक जवळची वाटली, तरी तिचीही त्यांनी चिकित्सा केलीच.

मोजणीच्या यंत्राला हा फरक दिसत नाही. त्याच्या लेखी चौघांनाही एकेक संदर्भ मिळाला. खोडून काढलेले आणि स्वीकारलेले मत तिथे सारखेच. म्हणून ‘अमुक लेखकाला इतके संदर्भ आहेत’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न विचारावा: ते कशासाठी दिले आहेत?

लेखक कोण, हे यंत्राला कसे कळणार?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी नोकरीत होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. केवळ छापलेल्या नावावर चालणारी सूची बाबासाहेबांचे ते लेखन त्यांच्या खात्यावर धरणारच नाही.

दुसरी अडचण समग्र वाङ्मयाची. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. पहिला खंड १९७९ चा. हे काम फार मोलाचे आहे. पण अभ्यासक जेव्हा नुसते ‘खंड १, १९७९’ असे लिहितो, तेव्हा १९१६ चा निबंध आणि १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ एकाच नोंदीत विरघळतात. कधी संपादकच लेखक म्हणून नोंदला जातो. त्यात ‘आंबेडकर बी. आर.’, ‘आंबेडकर भीमराव’, ‘डॉ. आंबेडकर’ अशी वेगवेगळी रूपे आली की एकच माणूस यंत्रात अनेक माणसे होतो.

याच्या उलटही घडते. ‘मून’ हे आडनाव वसंत मून यांचे आहे तसेच मीनाक्षी मून यांचेही. संदर्भसूचीत पूर्ण नाव दिले नाही तर एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. हा गोंधळ टाळण्यासाठी संशोधकाला सोळा अंकी कायम ओळखक्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही व्यवस्था २०१२ पासून आहे. ती आजच्या लेखकांच्या उपयोगाची आहे. जे हयात नाहीत त्यांच्यासाठी आपली काळजी हाच उपाय.

भाषेची भिंत

चां. भ. खैरमोडे यांच्या मराठी आंबेडकर चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये आला आणि हे चरित्र पुढे बारा खंडांपर्यंत गेले. धनंजय कीर यांचे एका खंडातील इंग्रजी चरित्र १९५४ चे. मराठी न येणारा अभ्यासक साहजिकच कीरांकडे जातो आणि त्यांचाच संदर्भ देतो. खैरमोडे यांनी जमवलेली सामग्री चरित्रकारांच्या कितीही कामी आली, तरी आंतरराष्ट्रीय सूचीत तिचे प्रतिबिंब त्या प्रमाणात पडत नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरचे पुस्तक १९८९ चे. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. इंग्रजी संदर्भसूचीत नुसते २००८ हे साल वाचणाऱ्याला वाटेल की हा विचार एकविसाव्या शतकातला आहे. प्रत्यक्षात तो मराठीत एकोणीस वर्षे आधी छापला गेला होता. मोजणीत मराठी पुस्तक आणि अनुवाद वेगळे पडतात, आणि मराठी वाचकांवर झालेला परिणाम तर कुठेच नोंदला जात नाही.

संदर्भ शोधणे हेही संशोधन

सायटेशन विश्लेषणाची एक बाजू मात्र आपल्या फार उपयोगाची आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाले. त्यात कोणता मजकूर कोणत्या ग्रंथातून घेतला, याच्या तपशीलवार तळटीपा नव्हत्या. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली साहित्यातील मूळ जागा शोधल्या. अ‍ॅडेल फिस्क आणि क्रिस्टोफ एमरिख यांचा याच विषयावरचा अभ्यास २००४ मध्ये एका ग्रंथात आला. २०११ मध्ये आकाश सिंह राठोर आणि अजय वर्मा यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती निघाली.

या कामामुळे बाबासाहेबांनी काय जसेच्या तसे घेतले, काय निवडले, काय गाळले आणि स्वतःचे काय मांडले, हे वेगळे करता येते. इथे आकड्याला फारसे महत्त्व नाही, विचाराचा प्रवास कळतो याला आहे.

आकड्यांच्या मागची सत्ता

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतीय समाजशास्त्रे किती समतावादी आहेत, असा प्रश्न विचारला होता. सिद्धान्त मांडण्याचे काम काहींकडे राहते आणि दलित-बहुजनांनी फक्त अनुभव व माहिती पुरवायची, अशी विभागणी त्यांनी दाखवून दिली. सायटेशनच्या बाबतीत तिचा अर्थ सरळ आहे. आपल्याला ‘माहिती देणारा’ म्हणून भेटतात आणि तळटीपेत नाव दुसऱ्याचे लागते.

नुसत्या आकड्यांवर विसंबू नये, हे आता जगभरात बोलले जाते. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक असे आहे की स्थानिक गरजेच्या संशोधनाचे रक्षण झाले पाहिजे. आपल्याकडे यूजीसीने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. नियम बदलतात. म्हणून एखाद्या यादीवर किंवा आकड्यावर स्वतःची लायकी ठरवू नये.

आपण काय करू शकतो

पांढरकवड्याला राहून अमरावती विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी घ्या. केळापूर तालुक्यातील कोलाम पोडांवर किंवा कापूस उत्पादकांच्या कर्जावर त्याने मराठीत उत्तम काम केले, तरी स्कोपसमध्ये त्याचा आकडा शून्य दिसू शकतो. तो आकडा कामाचा दर्जा सांगत नाही, सूचीची मर्यादा सांगतो. पण त्याच विद्यार्थ्याच्या हातात एक अधिकारही आहे: स्वतःची संदर्भसूची. तिच्यातील प्रत्येक नोंद कोणाला तरी श्रेय देते. त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्यात.

१. समग्र खंडातून संदर्भ देताना मूळ लेखाचे नाव आणि मूळ साल आधी लिहा, खंड व पान नंतर. संपादकाला संपादक म्हणूनच नोंदवा.

२. अनुवाद वापरला तर मूळ पुस्तक, मूळ वर्ष आणि अनुवादकाचे नाव, तिन्ही द्या.

३. प्रस्तावना आणि ग्रंथ वेगळे ठेवा. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या २०१४ च्या आवृत्तीला अरुंधती रॉय यांची दीर्घ प्रस्तावना आहे. प्रस्तावनेतील मत बाबासाहेबांच्या नावावर किंवा त्यांचे मत प्रस्तावनेच्या नावावर जाऊ देऊ नका.

४. मराठी ग्रंथ वाचला असेल तर त्याचाच संदर्भ द्या. वाचायचे खैरमोडे आणि दाखवायचे इंग्रजी पुस्तक, हे थांबवा.

५. मुलाखत देणाऱ्या कार्यकर्त्याचे, जुने अंक जपणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या संमतीने नोंदवा.

६. विषय ठरवण्याआधी ‘शोधगंगा’वर आपल्याच विद्यापीठांतील प्रबंध शोधा, वाचा आणि त्यांना श्रेय द्या.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची पहिली आवृत्ती बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने काढली, प्रती १५००. त्या दोन महिन्यांत संपल्या. त्या वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी तळटीप लिहिली नसेल, पण त्या पुस्तकाने चळवळ पुढे नेली. असा प्रभाव कोणत्याही सूचीत मावणार नाही. जेवढा मावतो, तेवढा तरी खऱ्या लेखकाच्या नावावर जमा होईल, ही जबाबदारी आज लिहिणाऱ्यांची आहे.