पुण्यातील नासासंधानाचे चित्र आणि वैद्यकीय चित्रसंग्रहातील शोध

वैद्यकाच्या अध्यापनात प्रत्यक्ष रुग्णाच्या खालोखाल चित्राचे महत्त्व मानले जाते. एके काळी ही गरज भिंतीवरील तक्ते, काचेच्या बरण्यांतील नमुने आणि ग्रंथांतील आकृत्या भागवीत असत. आज अध्यापक संगणकावर एखादा शब्द देऊन ऑनलाइन चित्रसंग्रहातून हवे ते चित्र मिळवितो. लंडन येथील वेलकम संस्थेने २०१४ च्या जानेवारीत आपल्या संग्रहातील एक लाखाहून अधिक ऐतिहासिक चित्रे विनामूल्य खुली केली, तेव्हापासून ही सोय दूरच्या महाविद्यालयांनाही लाभली आहे. तथापि अशा संग्रहात शोध घेतला जातो तो बहुतांशी चित्राचा नव्हे, तर चित्राला जोडलेल्या शब्दांचा. ते शब्द कोणी, केव्हा आणि कोणत्या दृष्टीने लिहिले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे. पुणे परिसरात घडलेल्या एका शस्त्रकर्माचे जगप्रसिद्ध चित्र या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

हे चित्र कावसजी नावाच्या माणसाचे आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत असे. टिपूच्या कैदेत सापडल्यावर त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. त्यानंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. शस्त्रकर्मानंतर दहा महिन्यांनी, म्हणजे १७९४ च्या जानेवारीत, त्याचे चित्र काढण्यात आले. चित्रकार होता त्या काळात पुणे दरबारी वावरणारा जेम्स वेल्स. त्यावरून विल्यम नटर याने केलेले खोदचित्र १ जानेवारी १७९५ या तारखेने लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच, १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये, 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेले पत्र चित्रासह छापून आले होते.

या पत्रात शस्त्रकर्माची रीत सविस्तर दिली असून, मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ते प्रत्यक्ष पाहिल्याचा हवाला दिला आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून नाकाचा आकार करावयाचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवावयाची व तिच्या कडेने रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा सोडवून घेताना भुवयांमधील चिंचोळा देठ मात्र तोडावयाचा नाही, कारण त्याच देठातून नव्या नाकाला रक्त मिळते. नंतर ती त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची आणि ताज्या केलेल्या कडांत बसवावयाची. सांधा धरण्यासाठी पाण्यात कालविलेल्या काथाच्या पट्ट्या लावीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ तोडीत. रक्तपुरवठ्याचे जे तत्त्व आज त्वचारोपणाच्या अध्यापनात शिकविले जाते, ते त्या कारागिराच्या हाताला पूर्णपणे अवगत होते, यात संशय नाही.

चित्राचा परिणाम दूरगामी ठरला. लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने या रीतीचा दीर्घ काळ अभ्यास केला, १८१४ मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रकर्मांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युरोपात ही रीत 'भारतीय पद्धत' म्हणून रूढ झाली.

आता चित्राबरोबर आलेल्या शब्दांकडे वळावे. रुग्णाचे नाव त्यांत आहे, चित्रकाराचे आहे, खोदकाराचे आहे. शस्त्रकर्म पाहणाऱ्या दोघा इंग्रजांची नावेही आहेत. ज्याने ते केले, त्याचे मात्र नाव नाही. केवळ जात नोंदलेली आहे. नावाने शोध घेणाऱ्यास तो कधीच सापडणार नाही. पुढील लेखकांनी त्यास 'कुंभार' म्हटले, ही मूळ नोंदीवरून केलेली अटकळ होय. कावसजी हे नाव पारशी वळणाचे. परंतु मूळ वर्णनात तो शेतकरी जातीचा मराठा आहे. याखेरीज हे चित्र पुष्कळदा सुश्रुताच्या शस्त्रकर्माचे म्हणून दाखविले जाते. सुश्रुतसंहितेत मात्र त्वचा गालावरून घेण्यास सांगितले आहे, कपाळावरून नव्हे. दोन्ही रीतींचा पूर्वापर संबंध असू शकेल. पण चित्रावर दिसते ती पुण्याची रीत होय. चुकीचे शीर्षक जोडलेले चित्र जितक्या वेळा सापडते, तितक्या वेळा ती चूक दृढ होते.

हा प्रश्न अठराव्या शतकापुरता नाही. नाशिक येथे १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच जिल्ह्यातील पेठ तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासींची वस्ती मोठी आहे. तेथे रुग्ण तपासू लागलेल्या नवशिक्या वैद्याने जर गोऱ्या त्वचेवरीलच चित्रे पाहिलेली असतील, तर तेथे लाल दिसणारा पुरळ सावळ्या त्वचेवर जांभळट वा काळसर दिसतो, हे त्याच्या ध्यानी येण्यास वेळ लागतो. लंडनमधील विद्यार्थी मलोन मुक्वेंडे याने आपल्या अध्यापकांसह २०२० मध्ये सावळ्या व काळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका प्रसिद्ध केली, ती याच उणिवेतून. अशी चित्रे पेठसारख्या ठिकाणीही जमविता येतील, मात्र त्यांच्या नोंदीची शिस्त आधी ठरवावी लागेल.

त्या शिस्तीचा धडा कावसजीच्या चित्रातच आहे. तेथे रुग्णाचे विद्रूप झालेले मुख नावानिशी जगापुढे आले आणि कर्त्याचे नाव लोपले. आजची रीत नेमकी उलट असावयास हवी: रुग्णाची संमती घ्यावी व ओळख झाकावी, परंतु स्थळ, काळ, रोग, रीत आणि कर्ता यांची नोंद नेमकी ठेवावी, आणि तीही मराठीसह स्थानिक लोक रोगाला जो शब्द वापरतात त्या शब्दात. संग्रह कितीही मोठा असला, तरी जे शब्दांत नोंदले गेले नाही ते शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव न लिहिण्यास एक क्षण पुरला. ते शोधण्यास दोन शतकेही पुरली नाहीत.