किंग्स्टन ते कटक : बालसंगोपनाच्या एका प्रयोगाचा प्रवास

१. एखादा उपक्रम शंभर घरांत यशस्वी झाला, म्हणून तो लाखो घरांत यशस्वी होतोच असे नाही. इतिहासाच्या ग्रंथांत योजनांच्या घोषणा विपुल सापडतात. त्या योजना शेवटच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचताना त्यांचे काय झाले, याची नोंद मात्र विरळ. मित्रहो, आजचा धागा अशाच एका प्रवासाचा. त्याचा आरंभ जमैकात होतो, तो ओडिशात येतो आणि त्याची एक वाट आपल्या पालघर जिल्ह्यातून जाते.

२. प्रश्न साधा आहे. गरीब घरातील तान्ह्या मुलाच्या आईला संगोपनात साहाय्य मिळाले, म्हणजे मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे कोणी आपुलकीने दाखवले, तर त्या मुलाच्या आयुष्यात फरक पडतो का? आणि पडत असेल, तर हे साहाय्य अवघ्या देशाला कसे पुरवावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. दुसऱ्याचा शोध अद्याप सुरू आहे.

३. पार्श्वभूमी पाहू. १९५० च्या दशकात किंग्स्टन येथे जॉन वॉटरलो यांनी कुपोषणाच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र उभारले. मरणाच्या दारातील मुलांना वाचवण्याचे शास्त्र तेथे विकसित झाले. मुले वाचू लागली. पण वाचलेल्या मुलांच्या बुद्धीची वाढ मागे राहते, हेही दिसू लागले. शरीर सावरले तरी शिकण्याची क्षमता का सावरत नाही, हा नवा प्रश्न होता.

४. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर संशोधिकेने १९७० च्या दशकात या प्रश्नाला हात घातला. तीव्र कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या एका गटाला उपचारांबरोबर रोज खेळवले गेले. घरी परतल्यावरही तीन वर्षे त्यांच्या घरी भेटी सुरू राहिल्या. दुसऱ्या गटाला केवळ नेहमीचे उपचार मिळाले. पहिला गट पुढे गेला आणि त्याची आघाडी अनेक वर्षांनंतरही दिसत राहिली. अन्नाइतकीच खेळाचीही उणीव असते, ही कल्पना येथे रुजली.

५. यानंतरचा प्रयोग जगप्रसिद्ध झाला. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून ९ ते २४ महिने वयाची, उंचीची वाढ खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. त्यांचे चार गट केले गेले. एकाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पूरक भुकटी, दुसऱ्याला आठवड्यातून एक तास गृहभेट, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीही नाही. हा क्रम दोन वर्षे चालला.

६. गृहभेटीला जाणाऱ्या बाई डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्रज्ञही नव्हत्या. त्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील साहाय्यिका होत्या. आपल्याकडील आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या जवळ जाणाऱ्या. त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्या, पुठ्ठा आणि कापड यांपासून बनवलेली खेळणी आणि घरगुती चित्रपुस्तके असत. त्या खेळ करून दाखवत, मग आईला तोच मुलाबरोबर करू देत आणि तिचे कौतुक करत. खेळणे आठवडाभर घरी राही. पुढच्या भेटीत बदलून दुसरे येई.

७. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. या भेटीचा खरा विद्यार्थी मूल नव्हते, आई होती. ताई आठवड्यातून एकच तास येणार; उरलेला सगळा काळ आईचा. म्हणून अंघोळ घालताना, कपडे धुताना, स्वयंपाक करताना मुलाशी बोलणे, वस्तूंची नावे सांगणे, त्याच्या हाकेला ओ देणे यांवर भर होता. उपदेश टाळायचा, आईचा आत्मविश्वास वाढवायचा, हे सूत्र होते.

८. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुधाचा लाभ झाला, खेळाचाही झाला आणि दोन्ही मिळालेली मुले वाढ न खुंटलेल्या मुलांच्या जवळपास पोहोचली. पण काळ पुढे सरकला तसे चित्र बदलले. मुले शाळकरी वयाची होईपर्यंत दुधाचा बौद्धिक लाभ मावळला. खेळाचा लाभ टिकून राहिला.

९. संशोधकांनी या मुलांचा माग सोडला नाही. सुझन वॉकर आणि त्यांचे सहकारी सतरा-अठराव्या वर्षी त्यांना पुन्हा भेटले, बाविसाव्या वर्षी पुन्हा. १२९ पैकी १०५ जण सापडले. काही परदेशी गेले होते, तिथवर जाऊन त्यांची गाठ घेतली गेली. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या लेखानुसार गृहभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के अधिक होती. या लेखाच्या लेखकांत नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन हेही होते.

१०. अर्थखात्यांना समजेल अशा भाषेतला हा पुरावा होता आणि देशोदेशींच्या सरकारांचे कान टवकारले. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. इतक्या मोठ्या जागतिक धोरणाचा पाया १२९ मुलांचा, एका शहरातला, अत्यंत निष्ठावान संशोधकांच्या देखरेखीखालचा होता. साधनाची विश्वसनीयता तपासताना ते साधन कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले, हे आपण विचारतो. तोच नियम येथेही लागू पडतो.

११. विशेष म्हणजे विस्ताराचा प्रश्न जमैकातील संशोधकांना फार आधी पडला होता. क्रिस्टीन पॉवेल आणि ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८९ मध्ये गृहभेटींच्या वारंवारतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्यातून एक भेट जवळजवळ निष्फळ ठरली. पंधरवड्याच्या भेटीने अल्प लाभ झाला. आठवड्याच्या भेटीने ठळक फरक पडला. सरकारी काटकसरीत सर्वप्रथम कात्री लागते ती भेटींच्या संख्येवर. तीच कात्री प्राण घेणारी ठरू शकते, हे १९८९ पासूनच ठाऊक होते.

१२. पुढचा टप्पा कोलंबियाचा. तेथे गरीब कुटुंबांना सशर्त रोख साहाय्य देणारी मोठी सरकारी योजना होती. तिच्यातील स्थानिक महिला प्रतिनिधींचे जाळे वापरून ओराझिओ अटानासिओ, कोस्टास मेघिर, ग्रँथम-मॅकग्रेगर आदींनी ९६ नगरपालिकांत १,४२० मुलांसह प्रयोग केला. कालावधी १८ महिन्यांचा होता. २०१४ मधील निष्कर्षानुसार मुलांच्या आकलनात आणि भाषेत सुधारणा झाली. ती जमैकाएवढी मोठी नव्हती, पण निश्चित होती.

१३. मग विरजण पडले. कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनी तीच मुले तपासली, तेव्हा लाभ दिसेनासा झाला होता. याचा अर्थ प्रयोग फसला असा सरसकट लावता येत नाही. जमैकाचा लाभ दशकानुदशके टिकला होता. परंतु एक धडा स्पष्ट आहे. तीन वर्षांखालील मुलाला दिलेला आधार पुढच्या पायरीवर कोणी धरून ठेवला नाही, तर तो निसटू शकतो. एकदा रोप लावून पाणी बंद करणाऱ्याने फळाची हमी मागू नये.

१४. पेरूने २०१२ मध्ये ‘कूना मास’ नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ग्रामीण भागात गृहभेटी सरकारी यंत्रणेमार्फत चालवल्या. तेथे मुलांच्या विकासावर परिणाम दिसला, पण तो छोट्या प्रयोगांच्या मानाने माफक होता. पाकिस्तानात सिंधमधील नौशहरो फिरोज जिल्ह्यात १९९४ पासून चाललेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या योजनेत हेच काम जोडून पाहिले गेले. १,४८९ माता-बालकांच्या त्या अभ्यासात परिणाम चांगला आला आणि मुले चार वर्षांची झाली तेव्हाही काही लाभ टिकून होते.

१५. आता भारतात येऊ. ओडिशातील कटक शहराच्या ५४ झोपडपट्ट्यांत ४२१ मुलांसह १८ महिन्यांचा प्रयोग झाला. खेळ जमैकाचे होते, पण गाणी, चित्रे, वस्तू इथल्या होत्या. मुलांच्या आकलनात लक्षणीय वाढ दिसली. त्यानंतर ग्रामीण ओडिशातील १९२ गावांत एक कळीचा प्रश्न विचारला गेला: घरोघरी जाण्याऐवजी गावातील आयांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवले तर?

१६. २०२० मध्ये आलेले उत्तर सरकारांसाठी मोलाचे ठरले. गटसभांचा परिणाम गृहभेटींच्या जवळपास होता. खर्च मात्र फार वेगळा होता: गृहभेटींना प्रति बालक वर्षाला १३५ डॉलर, गटसभांना ३८ डॉलर. शिवाय गटात आया एकमेकींकडूनही शिकतात. म्हणजे मूळ प्रयोगाची हुबेहूब नक्कल करणे हाच विस्ताराचा एकमेव मार्ग नव्हे. गाभा जपून रूप बदलता येते. पण गाभा कोणता, हे तपासून ठरवावे लागते.

१७. येथे आपल्या मातीतली एक आठवण. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले, पुढे मुंबईत शिशुविहार चालवला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. अडचण अशी की दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचले.

१८. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अनुभवातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. नाव गेले, नावामागचा विचारही तितक्याच पूर्णपणे गेला का? अंगणात भरणारी शाळा आईच्या नजरेसमोर असते. सरकारी अंगणवाडीत मात्र शालेयपूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी राहिले. तीन वर्षांखालील बाळाच्या वाट्याला प्रामुख्याने शिधा, लस आणि वजनकाटा आला.

१९. नेमका हाच वयोगट जमैकाच्या प्रयोगाच्या केंद्रस्थानी होता. किंग्स्टनला ज्याची जाणीव १९७० च्या दशकात झाली, त्यासाठी भारतात २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा जन्म ते तीन वर्षे वयोगटाचा राष्ट्रीय आराखडा आला. अंगणवाडीताईंनी गृहभेटीत आईवडिलांना खेळ आणि संवाद शिकवावा, ही अपेक्षा त्यात आहे. जगात इतके विस्तीर्ण जाळे क्वचितच कुठे तयार असेल: देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

२०. पण जाळे तयार असणे आणि जाळ्यातील माणसाला सवड असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. जमैकातील गृहभेटींचे यश खेळण्यात नव्हते. ठरल्या दिवशी येणारी, प्रशिक्षण मिळालेली, जिच्या कामाकडे कोणी आपुलकीने लक्ष देत होते अशी बाई त्या यशाचे कारण होती. आपल्या अंगणवाडीताईंकडे आहार, नोंदी, मोबाईलवरील माहिती, सर्वेक्षणे असा पसारा आधीच आहे. त्यात आणखी एक काम टाकले की कागदावर भेट होते, घरात होत नाही.

२१. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मानधन आणि इतर मागण्यांसाठी संपावर जावे लागले. विस्ताराचा अभ्यास म्हणजे खर्चाचे कोष्टक एवढेच मानले, तर ही बाजू सुटते. तान्ह्या मुलाशी हसून बोलायला आईला शिकवणारी व्यक्ती स्वतः विवंचनेत असेल, तर त्या शिकवणीत काय उरणार?

२२. आणखी एक सावधगिरी. ‘पालकांना शिकवा’ या घोषणेत गरिबीचा दोष आईच्या माथी मारण्याचा धोका असतो. जमैकातील आया अडाणी म्हणून नव्हे, तर थकलेल्या आणि एकट्या होत्या म्हणून त्यांना सोबत लागली. मूळ प्रयोगात दूधही होते आणि खेळही. दुधाचा बौद्धिक लाभ मावळला म्हणून भुकेल्या घरात केवळ खेळणे पाठवावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

२३. तर या सुमारे पन्नास वर्षांच्या शोधातून काय हाती लागते? भेट वारंवार हवी. उपदेशापेक्षा करून दाखवणे आणि करू देणे हवे. साहित्य स्थानिक आणि स्वस्त चालते. गटसभा गृहभेटीची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकते. कार्यकर्तीला प्रशिक्षण, देखरेख, सवड आणि मोबदला यांपैकी काहीही वगळता येत नाही. आणि तिसऱ्या वर्षानंतर मुलाचा हात सोडता येत नाही.

२४. बोर्डीच्या त्या दोघींनी मुले का येत नाहीत म्हणून पालकांना दूषण दिले नाही. शाळेची जागा बदलली. विस्ताराचे शास्त्र आज शेकडो पानांच्या अहवालांत जे मांडते, त्याचा गाभा याच कृतीत आहे. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीतील किंवा गावातील अंगणवाडीजवळून जाल, तेव्हा तेथील ताईंना एवढेच विचारा: तीन वर्षांखालील मुलांच्या घरी जायला तुम्हाला आठवड्यातून किती वेळ मिळतो? त्यांचे उत्तर इथे खाली जरूर लिहा. या इतिहासाचे पुढचे पान त्या उत्तरांतूनच लिहिले जाणार आहे.