आधी मांड, मग भाषण

‘भाषण चांगले होते, पण मागे काहीच ऐकू आले नाही,’ अशी प्रतिक्रिया सभागृहातून बाहेर पडताना आपण अनेकदा ऐकतो. दोष वक्त्याला दिला जातो. परंतु चूक बहुधा त्याने बोलायला उभे राहण्यापूर्वीच झालेली असते. वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ते पूर्वतयारीचे शास्त्र आहे आणि व्यासपीठाची सिद्धता हा त्याचा पहिला भाग आहे. या शास्त्राचे धडे धाराशिव जिल्ह्याच्या लोकपरंपरेत आणि अलीकडच्या इतिहासातही सापडतात.

गोंधळाची मांड

तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ हे विधिनाट्य आहे. गोंधळी आला आणि गाऊ लागला, असे त्यात होत नाही. आधी चौक भरला जातो, पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याची रास घातली जाते, त्यावर कलश बसतो, दिवटी पेटते. संबळ आणि तुणतुणे जुळल्यावर गणेशाचे स्तवन, मग देवदेवतांना आवाहन, नंतर आख्यान आणि अखेरीस आरती असा क्रम चालतो. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून श्रोत्यांच्या मनातील शंका बोलून दाखवतो.

आधुनिक भाषणाचा आराखडा याहून वेगळा नाही. जागा सिद्ध करणे, श्रोत्यांना विषयात बोलावणे, विषय मांडणे आणि समारोप करणे हाच तो क्रम. साथीदार नसेल तेव्हा त्याचा प्रश्न वक्त्याने स्वतःच विचारावा.

थापटण्याची कसोटी

याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. जमलेल्या संतांपैकी कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे गोरोबांनी डोक्यावर थापटणे मारून पारखले, अशी आख्यायिका आहे. त्यात नामदेव कच्चे ठरले. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात तत्कालीन उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला गोरोबाकाकांचेच नाव देण्यात आले होते.

वक्त्यासाठी या कथेचा अर्थ साधा आहे. लोकांपुढे जाण्यापूर्वी आपले मडके कुणाकडून तरी वाजवून घ्यावे. भाषण मोठ्याने, घड्याळ लावून, स्पष्ट बोलणाऱ्या एखाद्या स्नेह्यासमोर किमान तीन वेळा म्हणून पाहावे. आरशापेक्षा असा श्रोता अधिक उपयोगी, कारण आरसा कंटाळत नाही.

बोलणे गरजेचे झाले तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. पुनर्बांधणीच्या काळात तडे गेलेली घरे मजबूत करण्याची जबाबदारी घरमालकांवर होती आणि त्यासाठी शासन अनुदान देत होते. ही योजना गावागावांत समजावून सांगण्यासाठी महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था या लोकसहभागाच्या कामात होती.

चारचौघांत बोलण्याची सवय नसलेल्या स्त्रियांना आता ग्रामसभेत उभे राहून अनुदान कसे मिळते, दगडी भिंतीत आरपार दगड का बसवायचा, हे सांगायचे होते. सांगण्यात चूक झाली असती तर टाळ्या कमी पडल्या नसत्या, घर कच्चे राहिले असते. भाषणाचे मोल शब्दांच्या झगमगाटात नसून ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळण्यात आहे, हे यावरून उमजते. समोर भिंत असेल तर तीच फळा होते. उंच मंच असलाच पाहिजे असे नाही.

सभेपूर्वीचा एक तास

वक्त्याने सभास्थानी किमान तासभर आधी पोहोचावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

– ध्वनिवर्धकाचे कर्णे मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. ते वक्त्याच्या मागे असले की शिट्टी वाजते.

– माइकवर टिचकी किंवा फुंकर मारू नये. भाषणातील एक वाक्य बोलावे आणि सहकाऱ्याला शेवटच्या रांगेत उभे करून ते ऐकू येते का, हे विचारावे.

– रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरलेल्या सभागृहात तो शोषला जातो. त्यामुळे आवाजाची पातळी कार्यक्रम सुरू झाल्यावर पुन्हा तपासावी.

– प्रकाश वक्त्याच्या चेहऱ्यावर पडावा, पाठीमागून नव्हे.

– वीज जाण्याची शक्यता गृहीत धरावी. पडद्यावर दाखवायची माहिती कागदावरही जवळ असावी आणि पडद्यावर परिच्छेद नव्हे, मोजके शब्द असावेत.

– ध्वनिवर्धकासाठी परवानगी घ्यावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्याच्या वापरास मनाई आहे.

उभे राहिल्यावर

दहा मिनिटांच्या भाषणासाठी साधारण हजार-बाराशे शब्द पुरेसे होतात. त्यात मुद्दा एकच असावा, उदाहरणे दोन-तीन. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ असावे, मधल्या भागासाठी टिपणाचा आधार घ्यावा. मान्यवरांची नामावळी सूत्रसंचालकाने घेतलेली असते. ती पुन्हा घेऊन श्रोत्यांचा पहिला, सर्वांत ताजा मिनिट खर्च करू नये. दृष्टी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे फिरती असावी. घसा कोरडा पडला तर थांबून पाणी प्यावे. वक्त्याला दीर्घ वाटणारा तो विराम श्रोत्यांना विश्रांतीसारखा वाटतो.

गावाकडून शहरात आलेले अनेक तरुण आपल्या मराठवाडी बोलीच्या संकोचाने मुलाखतीत आणि सभेत गप्प राहतात. हा संकोच अनाठायी आहे. प्रमाण भाषेचा सराव जरूर करावा, पण स्वतःचा सूर लपवू नये. विषय पक्का असेल आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचत असेल, तर बोलीचा सूर भाषणाला आपलेपणाच देतो. मडके पक्के आहे की नाही हे त्याच्या रंगावरून नव्हे, नादावरून ओळखले जाते.