हायड्रोपोनिक्स

हायड्रोपोनिक्स : मातीऐवजी पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात वनस्पती वाढवण्याची पद्धत. ‘मातीविना शेती’ या नावानेही ती ओळखली जाते. मुळांना आधार म्हणून कोकोपीट, पर्लाइट, खडी, रॉकवूल किंवा भाजलेल्या मातीचे गोळे वापरतात. या माध्यमांतून झाडाला अन्न जवळजवळ मिळत नाही. ते सर्व द्रावणातून पुरवावे लागते. लेट्यूस, पालक, पुदिना, तुळस, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणि स्ट्रॉबेरी ही या पद्धतीची प्रमुख पिके आहेत.

इतिहास : जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली. शुद्ध पाण्यापेक्षा माती मिसळलेल्या पाण्यात ती अधिक वाढल्याचे त्याला आढळले. झाडाला नेमकी कोणती मूलद्रव्ये लागतात, हा शोध १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियुस फोन झाक्स व व्हिल्हेल्म क्नॉप यांनी पोषक द्रावणांच्या साहाय्याने पुढे नेला. प्रयोगशाळेतील ही रीत पिकांच्या उत्पादनासाठी वापरता येईल असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ मध्ये मांडले. पद्धतीचे आजचे नावही त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केले. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले द्रावणाचे सूत्र आजही अनेक मिश्रणांचा आधार आहे. चांगल्या मातीपेक्षा द्रावणात उत्पादन आपोआप अधिक येत नाही, असा इशाराही त्यांनी तेव्हाच दिला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ॲसेन्शन या खडकाळ बेटावर या रीतीने भाजीपाला पिकवला. भारतात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिंपोंग परिसरात स्वस्त साहित्यावर आधारलेली ‘बंगाल पद्धत’ विकसित केली.

तत्त्व : वनस्पतींना १७ मूलद्रव्ये आवश्यक असतात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही हवा आणि पाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक तसेच लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही उरलेली १४ द्रावणातून द्यावी लागतात. माती ही खते धरून ठेवते, आम्लतेतले चढउतार सौम्य करते, आणि तिच्यातले जिवाणू युरियाचे रूपांतर पिकाला सहज घेता येईल अशा नत्रात करतात. द्रावणात ही कामे करायला कोणी नसते. म्हणून युरिया किंवा शेणखत टाकीत घालून चालत नाही, आणि शेतात खपून गेली असती अशी चूक येथे दोन-तीन दिवसांत पानांवर दिसते.

प्रकार : सर्वांत सोप्या स्थिर पद्धतीत झाकणबंद भांड्यातील द्रावणावर जाळीची कुंडी टांगतात. पाणी जसे उतरते तशी वर हवेत राहिलेली मुळे प्राणवायू घेतात, त्यामुळे पंप लागत नाही. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. खोल द्रावण पद्धतीत हवेचा पंप सतत बुडबुडे सोडतो. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी विकसित केलेल्या ‘एनएफटी’ पद्धतीत उतरत्या पन्हळीतून द्रावणाचा पातळ थर वाहतो आणि पुन्हा टाकीत येतो. टोमॅटो, काकडीसारख्या मोठ्या पिकांना कोकोपीटच्या पिशव्यांतून ठिबकने द्रावण देतात. एरोपोनिक्समध्ये लोंबत्या मुळांवर द्रावणाचे तुषार उडवतात. वीज गेली तर हीच पद्धत सर्वांत आधी संकटात येते.

द्रावण : दोन मोजमापांवर सारे अवलंबून असते, सामू (पीएच) व ईसी. सामू साधारण ५.५ ते ६.५ ठेवतात, तो ७ च्या वर गेला की लोह, मँगेनीज व स्फुरद झाडाला मिळेनासे होतात. ईसी म्हणजे विद्युत वाहकता. तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण कळते, कोणते अन्नद्रव्य किती आहे ते कळत नाही. लेट्यूसला १.२ ते १.८ आणि फळावरच्या टोमॅटोला २ ते ३.५ मिलिसिमेन्स प्रति सेंमी इतकी ईसी चालते. कॅल्शियम नायट्रेट हे तीव्र स्वरूपात सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर मिसळल्यास साका बसतो. म्हणून खते ‘ए’ व ‘बी’ अशा दोन भागांत ठेवतात, आणि एक भाग पाण्यात पूर्ण मिसळल्यावरच दुसरा घालतात.

प्रारंभ : नवख्याने पालेभाजीपासून सुरुवात करावी. दहा-बारा लिटरची अपारदर्शक बादली, झाकणात बसवलेल्या दोन-तीन जाळीच्या कुंड्या, कोकोपीट, तयार पोषक मिश्रण, सामू व ईसीचे मीटर एवढे साहित्य पुरते. उजेड आत गेल्यास द्रावणात शेवाळ माजते, म्हणून बादली अपारदर्शक हवी. दोन-चार खरी पाने आलेले लेट्यूसचे रोप लावावे आणि द्रावण कुंडीच्या तळाला टेकेल इतके भरावे. एका गड्ड्याला सुमारे चार लिटर द्रावण लागते व लावणीनंतर ३० ते ४० दिवसांत तो काढणीस येतो. पातळी उतरली म्हणून बादली काठोकाठ भरू नये. हवेतली मुळे बुडाली तर रोप गुदमरते.

अडचणी : कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर लोहाची, आणि जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता समजावी. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपणे हे त्या पानांपर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचे लक्षण आहे. पाण्याचे तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस असावे. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि पिथियम या रोगकारकामुळे मुळे तपकिरी होऊन कुजतात. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीची जाळी व टाकी थंड ठेवण्याची सोय नसेल तर पीक टिकत नाही. क्षारयुक्त बोअरवेलचे पाणी वापरण्याआधी तपासावे. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम.

उपयोग व मर्यादा : द्रावण फिरवून पुन्हा वापरल्यास पाण्याची मोठी बचत होते आणि पडीक जागेत किंवा गच्चीवरही पीक घेता येते. उलट बाजूला सुरुवातीचा खर्च, विजेवरील अवलंबन आणि एका टाकीतून सर्व रोपांना रोग लागण्याचा धोका आहे. ज्वारी, गहू, तूर यांसाठी ही शेती परवडत नाही. गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलाने मक्याच्या हायड्रोपोनिक चाऱ्यावर काम केले आहे. एक किलो बियाण्यापासून आठवडाभरात पाच-सहा किलो हिरवा चारा मिळतो. मात्र ही वाढ मुख्यतः पाण्याची असते, शुष्क भाग वाढत नाही.

गांजा व कायदा : कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि परवानाधारक उत्पादक बंदिस्त जागेत, अनेकदा मातीविना, त्याचे पीक घेतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना लागवड गुन्हा असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरातली लागवडही यातून सुटत नाही. मुंबई विमानतळावर, विशेषतः बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून, ‘हायड्रोपोनिक गांजा’ वारंवार जप्त होतो. या बातम्यांमुळे अनेकांना पद्धतीचे नावच संशयास्पद वाटू लागले आहे. गुन्हा त्या पिकाचा आहे, पद्धतीचा नाही. भाजीपाला व चारा पिकवण्यावर या कायद्याने कोणतेही बंधन नाही.

मूल्यमापन : मातीची कामे स्वतःच्या अंगावर घेऊन ती रोज मोजून-मापून पार पाडण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच ही शेती साधते. एका बादलीतले पीक नीट काढता आल्याशिवाय पॉलिहाऊससाठी कर्ज काढू नये.