फ्लॅश चिपची ओळख : बूटलोडरमधील दोषशोध

उपकरण सुरू होताना बोर्डावर कोणती फ्लॅश चिप आहे आणि तिची क्षमता किती, हे बूटलोडर ताडून पाहतो. ही ओळख पटली नाही की 'यू-बूट' हा राउटरांमध्ये सर्रास आढळणारा बूटलोडर सिरियल कन्सोलवर 'अनरेकग्नाइझ्ड जेडेक आयडी बाइट्स' असे छापतो, आणि ते वाचून चिप गेली असे ठरवले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. बूटलोडर स्वतः त्याच चिपमधून वाचला गेला असेल, तर पडद्यावर उमटलेला संदेशच चिप जिवंत असल्याचा पुरावा असतो. बूटलोडर एसडी कार्डावरून आला असल्यास मात्र हा पुरावा चालत नाही. तेव्हा संदेशाच्या शेवटी छापलेल्या तीन बाइटांकडे वळावे लागते.

चिपला जोडणाऱ्या एसपीआय तारांवरून ९एफ ही षोडशमान आज्ञा गेली की चिप उत्पादक, प्रकार व क्षमता सांगणारे तीन बाइट परत देते. विनबाँडच्या १६ मेगाबाइटच्या डब्ल्यू२५क्यू१२८ मालिकेतील नेहमीची चिप 'ईएफ ४० १८' असे उत्तर देते. असे नीट उत्तर येऊनही ओळख पटत नसेल, तर बूटलोडरच्या यादीत त्या चिपची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'एफएफ एफएफ एफएफ' म्हणजे बहुधा कोणी उत्तरच दिले नाही: निवड-तार चुकीची असेल, किंवा सातवा, म्हणजे चिपला थांबवून ठेवणारा होल्डचा पाय खाली ओढला गेला असेल. सगळी शून्ये आली तर वीज किंवा शॉर्ट तपासावा. दर वेळी वेगळे बाइट येत असतील तर क्लॉकचा वेग कमी करून पाहावा.

यावर महाड-पोलादपूरकडून येणारा आक्षेप रास्त आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. अशा पाण्यात भिजलेल्या बोर्डात दोष हार्डवेअरचाच असणार, बाइट कशाला वाचायचे? कालपर्यंत चालणाऱ्या बोर्डात चिपच्या यादीवर संशय घेऊ नये, हे खरेच. पण पायांमध्ये बसलेला गाळ म्हणजे जळालेली चिप नव्हे. ओला गाळ दोन पायांमध्ये विजेला वाट देतो आणि होल्डची तार खाली ओढतो. चिप शाबूत असूनही गप्प राहते. म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुवावा, पूर्ण वाळवावा, मग आठव्या व चौथ्या पायांदरम्यान व्होल्टेज मोजावे. नेहमीच्या चिपला ते ३.३ व्होल्ट लागते. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ देऊ नये.

राउटर स्वस्त आहे, नवाच घ्यावा, हा दुसरा आक्षेप. पण अनेक राउटरांत त्याच संचाची रेडिओ-जुळणी आणि मॅक पत्ता याच चिपमध्ये असतो. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या फर्मवेअरमध्ये हे दोन्ही नसते. त्यामुळे चिप बदलण्यापूर्वी तिच्यातील मजकूर दोनदा वाचून घ्यावा आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहावे.