आंबेडकरी चळवळीतील राजकीय लोकशिक्षण

आंबेडकरी चळवळीतील राजकीय लोकशिक्षण : अस्पृश्यताविरोधी लढ्यात वस्ती, चाळ, वसतिगृह आणि जलसा (गाणी व नाट्याचा लोकप्रयोग) यांतून दिले गेलेले हक्कांचे शिक्षण. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळींशी त्याची तुलना केली जाते. मात्र जात ही वंशावर आधारलेली आहे, हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१–१९५६) खोडून काढले होते.

पूर्वपीठिका : सत्यशोधक समाजाने (स्था. १८७३) जलशांतून समाजप्रबोधनाची वाट घालून दिली. पुढे आंबेडकरांनी ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) व ‘जनता’ (१९३०) ही पत्रे काढली. वस्तीत एकाने अंक मोठ्याने वाचायचा व इतरांनी ऐकायचा, असा प्रघात असल्याने निरक्षरांपर्यंतही ती पोहोचली. बहिष्कृत हितकारिणी सभेने (१९२४) वसतिगृह व वाचनालयांची जोड दिली.

आंबेडकरी जलसा : १९३०च्या दशकात नाशिक भागातील भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा ढाचा घेऊन आशय बदलला. महाड व काळाराम मंदिराचे सत्याग्रह, सावकारी, मुलांची शाळा हे विषय गाणी व फार्सांतून गावोगाव गेले.

प्रशिक्षणशाळा : राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी आंबेडकरांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत प्रशिक्षणशाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. आंबेडकरांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९५७ मध्ये, ती बंद पडली.

दलित पँथर : आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी असलेला हा संबंध पुढेही दिसला : १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी मुंबईत दलित पँथर स्थापली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून (१९६६) घेतले. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हा कार्यकर्त्यांचा चर्चेचा अड्डा होता. वस्त्यांतील शाखांना ‘छावणी’ म्हणत. १९७३च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या संज्ञेत भूमिहीन, कामगार व स्त्रियांनाही सामावले. गुजरातेतही पँथर उभी राहिली.

मूल्यमापन : अंतर्गत फुटीमुळे पँथरची संघटना टिकली नाही; १९७७ मध्ये ती बरखास्त झाल्याचे ढाले व पवार यांनी जाहीर केले. शिक्षणाची परंपरा मात्र एका संघटनेवर अवलंबून नव्हती. जयंतीची व्याख्याने, भीमगीते आणि दीक्षाभूमी व चैत्यभूमीवरील पुस्तकविक्री यांतून ती आजही चालू आहे.